निवेदन कुणाच्या नावाने लिहायचं, दिल्लीच्या की मुंबईच्या?

सोलापूरच्या पूर्व भागात विडी वळणाऱ्या बायकांचे अर्ज भरून देताना एक प्रश्न हमखास येतो: "हे पैसे दिल्लीचे की मुंबईचे?" मोर्चा कुठे न्यायचा, निवेदन कुणाच्या नावाने लिहायचं, मत मागायला आलेल्याला कशाचा जाब विचारायचा, हे सगळं या उत्तरावर ठरतं. कल्याणकारी योजना केंद्राने चालवाव्यात की राज्याने, याबद्दल ज्यांना आपलं मत पक्कं करायचं आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

घटनेने दार दोघांनाही उघडं ठेवलंय. सातव्या परिशिष्टात अपंग आणि काम करू न शकणाऱ्यांना मदत हा विषय राज्यसूचीत आहे, तर सामाजिक सुरक्षा समवर्ती सूचीत. त्यामुळे कायद्याचा कीस काढण्यापेक्षा हातात काय पडतं ते बघू.

आधी म्हातारपणाची पेन्शन. केंद्राची योजना १९९५ पासून आहे. त्यात केंद्राचा वाटा आजही ८० वर्षांच्या आतल्यांना महिन्याला २०० रुपये आणि त्यापुढच्यांना ५०० रुपये. दोनशे! महागाई कुठल्या कुठे गेली, दीड दशकाहून जास्त काळ हा आकडा जागचा हलला नाही. महाराष्ट्राने २०२३ मध्ये रक्कम १,५०० केली, म्हणजे आजींच्या खात्यात येणाऱ्या १,५०० पैकी १,३०० राज्याचे. ओरड झाली की राज्याला ती ऐकू येते, तेवढी दिल्लीला येत नाही.

पण हीच गोष्ट उलटून बघा. आंध्रात २०२४ पासून म्हाताऱ्यांना महिन्याला ४,००० मिळतात. बिहारमध्ये २०२५ च्या मध्यापर्यंत ४०० मिळत होते, मग निवडणुकीच्या वर्षात ते १,१०० झाले. म्हातारपण सगळीकडे सारखंच, भाव मात्र राज्याच्या तिजोरीप्रमाणे. किमान रकमेची जबाबदारी केंद्रावरच असावी, असं मला वाटतं ते यामुळे.

आता आमच्याकडची खरी दुखरी नस. इथल्या कितीतरी पद्मशाली, म्हणजे तेलुगू विणकर समाजाच्या, घरांचे नातेवाईक तेलंगणात आहेत. तिथे विडी कामगार बायकांसाठी राज्याची वेगळी पेन्शन आहे, महिना २,०१६ रुपये. लग्नाकार्याला गेलेल्या अक्का परत येऊन विचारतात, "बहिणीला मिळतं, मग मला का नाही? काम तर तेच." त्यांना काय सांगायचं? तेच पान, तीच तंबाखू, तोच खोकला. तेलंगणाने विडी कामगार हा वेगळा माणूस आहे हे ओळखलं, कारण ती तिथल्या गल्लीगल्लीत दिसते. केंद्रानेही ओळखलं होतं: १९७६ च्या कायद्याने विडीवर उपकर बसवून घर, दवाखाना आणि मुलांच्या शिष्यवृत्तीसाठी कल्याण निधी उभा केला. २०१७ मध्ये जीएसटी आला आणि तो उपकर गेला. हक्काचं उत्पन्न संपलं, की योजना दरवर्षी अंदाजपत्रकाच्या तोंडाकडे बघत बसते.

रेशन आणि दवाखाना मात्र मी केंद्राच्या पारड्यात टाकते, निदान नियमांपुरते. माणूस फिरतो, हक्क त्याच्याबरोबर फिरला पाहिजे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने माणशी ५ किलो धान्य ठरलं आणि 'एक देश, एक रेशन कार्ड'मुळे ते आता परराज्यातही उचलता येतं. कामासाठी हैदराबादला गेलेल्या कुटुंबाला हे राज्याच्या योजनेतून कधीच मिळालं नसतं. उपचारांची सुरुवात मात्र राज्याने केली होती. २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना पहिल्यांदा ज्या आठ जिल्ह्यांत आली, त्यात सोलापूर होतं. केंद्राची आयुष्मान योजना त्यानंतर सहा वर्षांनी आली.

राज्याची चूकही सांगितली पाहिजे. संजय गांधी निराधार योजनेला महाराष्ट्रात १५ वर्षांचं वास्तव्य लागतं. अक्कलकोट, दक्षिण सोलापूरकडे विजापूर-कलबुर्गीशी रोटीबेटीचा व्यवहार आहे. तिकडे दिलेली मुलगी नवरा वारल्यावर माहेरी परत आली, तर कागदावर ती परकी ठरते. शिवाय कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० च्या आत हवं, म्हणजे दिवसाला ५८ रुपयेसुद्धा नाहीत. एवढ्यात कुठलं कुटुंब जगतं? खरा दाखला आणला तर नाव जातं, म्हणून माणसांना खोटं बोलावं लागतं.

अंगठ्याच्या बाबतीत केंद्र आणि राज्य दोघेही सारखेच. चाळीस वर्षं पान कातरून, विडी दुमडून अक्कांच्या बोटांवरच्या रेषा झिजून गेल्यात. ओळख पटवायच्या मशीनवर अंगठा ठेवायचा, लाल दिवा, पदराला पुसून परत ठेवायचा, परत लाल दिवा. मागची रांग कुरकुरते आणि अक्का ओशाळतात, जणू चूक त्यांचीच. ज्या कामामुळे मदतीची गरज पडली, त्याच कामाने ओळख पुसली. मशीन घेऊन समोर बसलेल्या माणसाला त्या चाळीस वर्षं माहीत आहेत, पण "ही तीच बाई" असं लिहून देण्याचा अधिकार त्याला नाही. तो अधिकार खाली आला पाहिजे.

राहिला पैसा. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राने रोजगार हमी सुरू केली, १९७५ मध्ये त्यासाठी शहरी पगारदारांवर व्यवसाय कर बसवला, १९७७ मध्ये कायदा केला. निर्णयही आपला, पैसाही आपला. केंद्राने २००५ मध्ये देशभर कायदा केला तेव्हा अकुशल मजुरीचा सगळा खर्च स्वतः उचलला. डिसेंबर २०२५ च्या नव्या कायद्यात १२५ दिवसांचं आश्वासन आहे, पण खर्चाची वाटणी ६०:४०. चौकट दिल्लीची आणि ४० टक्के बिल राज्याचं, ही मला सगळ्यात वाईट वाटणी वाटते. जीएसटीनंतर राज्याच्या हातात कर वाढवण्याच्या जागा फारशा उरल्या नाहीत, आणि केंद्राच्या उपकर-अधिभारात राज्याला वाटाही नाही.

चांगली वाटणी बघायची तर सोलापूरजवळच्या कुंभारीला जा. रे नगरमध्ये विडी, यंत्रमाग आणि कचरावेचक कामगारांसाठी ३०,००० घरांचा प्रकल्प आहे. घरामागे केंद्राचे दीड लाख, राज्याचे एक लाख, बाकी कामगाराचे, आणि कोण कामगार हे ओळखून त्यांना एकत्र आणणारी माणसं इथलीच. जानेवारी २०२४ मध्ये त्यातली १५,००० घरं ताब्यात दिली गेली.

म्हणून माझं मत: किमान रक्कम, त्यासाठीचा पैसा आणि राज्याची हद्द ओलांडणारे हक्क केंद्राचे, कुणाला द्यायचं, वर किती घालायचं आणि दारात कसं पोचवायचं, हे राज्याचं. चालवण्याचं काम राज्याकडेच हवं. अक्कांना निदान तहसीलपर्यंत रिक्षाने जाता येतं.

या वेळी आम्ही दोन निवेदनं लिहिली आहेत. दिल्लीच्या निवेदनात २०० रुपयांचा आकडा बदला आणि विडी कामगारांच्या निधीला हक्काचं उत्पन्न द्या, एवढंच. मुंबईच्या निवेदनात तीन मागण्या आहेत: विडी कामगारांना वेगळी पेन्शन, १५ वर्षांची अट रद्द, आणि अंगठा उमटला नाही तर तलाठ्याच्या सहीवर काम. खाली सह्या आहेत, काही तेलुगूत, काही कन्नडमध्ये, आणि बरेच अंगठे, शाईचे. कागदावर ते पुसट का होईना, उमटले.