बोटीला 'लॉरीचं' मशीन घेताना मी कसा फसलो

१ जूनला मासेमारीची बंदी लागली आणि वेसाव्याला बोट वर ओढली, तेव्हाच घरात ठरलं होतं की यंदा मशीन बदलायचं. बाबांनी घातलेलं सहा सिलिंडरचं लेलँड मशीन, त्याचे सिलिंडर झिजून दोनदा बोअर करून झालेले. रोज लिटरभर ऑइल प्यायचं आणि धूर असा सोडायचं की खाडीपलीकडे मढच्या जेट्टीवरचे लोक म्हणायचे, आली बघ यांची बोट. नव्या मरीन मशीनचा भाव काढून आलो आणि दोन दिवस कुणाशी धड बोललो नाही. मच्छीमार सोसायटीचं आधीचं कर्ज डोक्यावर होतंच. तेव्हा लॉरीचं सेकंडहँड घेऊ आणि मरीन करून, म्हणजे बोटीजोगं करून घालू, असं ठरलं.

बंदीचे दिवस ६१. त्यातले तीस नुसते चौकशीत गेले. जुलैत प्रत्येक नाखवाला घाई असते हे विकणाऱ्याला आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं.

आमचा मिस्त्री अकरा वर्षं आमच्याच बोटीवर काम करणारा. बाबांना काका म्हणायचा, आमच्या घरी जेवायचा. तोच एका संध्याकाळी आला. "भाऊ, दारूखान्यात एक पीस आलाय. लॉरीचा आहे, खारं पाणी लागलेलं नाही."

हे 'खारं पाणी लागलेलं नाही' म्हणजे काय ते सांगतो, कारण पैसे मी त्याच शब्दांचे मोजले. लॉरीचं मशीन रेडिएटरच्या गोड्या पाण्यावर थंड होतं. बोटीत रेडिएटर काढून हीट एक्स्चेंजर बसवतात. त्यात एकीकडून दर्याचं पाणी जातं, दुसरीकडून मशीनचं गोडं पाणी फिरतं, दोन्हींची गाठ पडत नाही. पण खर्च वाचवायला काही जण दर्याचंच पाणी थेट ब्लॉकमधून, म्हणजे मशीनच्या ओतीव सांगाड्यातून फिरवतात. मशीन थंड राहतं, पण ब्लॉक आतून कुजत जातो आणि वरून काही दिसत नाही. असलं मशीन फुकट दिलं तरी घेऊ नये.

रे रोड स्टेशनला उतरून पूर्वेला, दारूखान्याच्या जहाजी भंगाराच्या बाजारात गेलो. भर पाऊस, जिकडेतिकडे जहाजांच्या कापलेल्या प्लेटा, गॅस कटरचा वास. गोदामात मशीन लोखंडी स्टँडवर ठेवलेलं, वर ताजा आकाशी रंग. बोल्टच्या डोक्यांवरही रंग, पाइपांच्या क्लिपांवरही. मी हात लावला तर चटका बसला. गोदामाचा शेठ म्हणाला, आत्ताच दुसऱ्या गिऱ्हाइकाला चालवून दाखवलं. अर्ध्या सेल्फला चालू झालं. आवाज गोल, धूर जवळजवळ नाही. मिस्त्रीने खिशातून रुपया काढून व्हॉल्व्ह कव्हरवर उभा केला. नाणं हललं नाही. माझा चेहरा तेव्हा शेठने नक्की वाचला असणार, कारण त्यानंतर भाव फारसा उतरलाच नाही.

आज कळतं ते असं. गरम मशीन कसंही चालू होतं, त्याचा खरा दम थंड असताना कळतो. स्टँडवर त्याला ओझं काहीच नसतं. आणि जाड ऑइल भरलं की झिजलेल्या बेअरिंगचा आवाज दबतो, धूरही कमी होतो. बोटीत बसवताना ते ऑइल काढलं, तर काकवीसारखं सावकाश उतरलं. मी विचारलं, हे असं का? मिस्त्री म्हणाला, बरेच दिवस पडून होतं ना. अरे, पडून होतं तर मग त्या दिवशी दुसरं गिऱ्हाईक कुठून आलं, हे माझ्या डोक्यात तेव्हा आलं नाही.

सांगितले सव्वादोन लाख, ठरले १ लाख ८५ हजार. ४० हजार मोबाइलवरून दिले, उरलेले १ लाख ४५ हजार रोख, कारण शेठला रोखच हवे होते. पावती कच्ची, जीएसटी नंबर नाही. तिच्यावर लिहिलेलं: 'क्रँक ग्राइंड, बेअरिंग ०.५० नवीन', म्हणजे झिजलेला क्रँक घासून अर्धा मिलिमीटर बारीक केला आणि त्या मापाची नवी बेअरिंग घातली. शिवाय मशीनचा नंबर, जो आम्ही मशीनवरच्या नंबराच्या पट्टीवरून उतरवला होता. हीट एक्स्चेंजर, पाण्याचा पंप, टेम्पो, मशीन उचलायची चेन कुप्पी, मजुरी मिळून आणखी ७० हजार गेले.

ऑगस्टमध्ये डोलीच्या जाळ्याच्या तिसऱ्या फेरीला मशीन बंद पडलं. पाण्याचा काटा सत्तरवर शांत होता, म्हणून कुणी लक्ष दिलं नाही. आधी रंग जळल्याचा वास आला, मग एक्झॉस्टमधून पांढरी वाफ, मग आवाज खाली खाली येत बंद. काटा तेव्हाही सत्तरच. ब्लॉकमधलं पाणीच संपलं की सेन्सर कोरडा पडतो आणि काटा चढायचा राहतो, हे मी त्या दिवशी शिकलो. नांगर टाकून, पाच खलाशांसह, लाटांवर चार तास हेलकावत. शेवटी गावातल्याच एका बोटीने ओढून आणलं. डिपस्टिक काढली तर ऑइल दुधाच्या चहासारखं झालेलं.

यावेळी दुसरा मिस्त्री बोलावला, भाऊच्या धक्क्यावर आयुष्य काढलेला म्हातारा. त्याने मशीन खोलायच्या आधी नुसती प्रदक्षिणा घातली. एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या मागे ब्लॉकला जिथे पाण्याचं भोक बंद करणारा गोल प्लग असतो, तिथे स्क्रू ड्रायव्हर टेकवून जरा दाबला. रंगाचा पापुद्रा निघाला, त्याखाली एम-सील, त्याखाली प्लग नव्हताच, होती गंजाची चाळण. आत बोट घालून त्याने खरवडलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं. खारीसारखे पापुद्रे, तांबूस-पांढरे. "जिभेला लाव," म्हणाला. लावलं. मीठ.

मग सम्प, म्हणजे खालची ऑइलची टाकी, उघडला. बेअरिंगच्या वाट्या वर्तमानपत्रावर मांडल्या. वाटीच्या पाठीवर साइझ ठोकलेली असते. क्रँक ग्राइंड करून ०.५० घातली असती तर तसा आकडा दिसायला हवा होता. आमच्या सगळ्या वाट्यांवर 'एसटीडी', म्हणजे कंपनीतून आली त्या मापाची. झिजून तांबं वर आलेलं. क्रँकला कुणी हातच लावला नव्हता. नंबराच्या पट्टीचे रिव्हेट मात्र नवे कोरे, आणि ब्लॉकवर ठोकलेला नंबर वेगळाच. बोटीच्या नोंदणीत मशीनचा नंबर असतो, बदललं की तो बदलून घ्यावा लागतो. म्हणजे तिथेही मी पट्टीवरचा खोटा नंबर घेऊन उभा राहणार होतो.

गोदामात गेलो. शेठ आधी ओळख दाखवेना. आवाज चढल्यावर त्याच्या तोंडून निघालं, "बीस हजार तो आपका मिस्त्री ले गया, पहले उससे मांगो." माझ्याबरोबर तेव्हा मिस्त्री नव्हता. सकाळीच ताप आला म्हणाला होता.

पुढचं थोडक्यात. धंद्याची वस्तू आहे, ग्राहक कोर्टात चालणार नाही, असा दम शेठने दिला. वकिलाने सांगितलं, स्वतःच्या रोजीरोटीसाठी स्वतः चालवायला घेतलेली वस्तू असेल तर २०१९ च्या कायद्यात ग्राहक म्हणून दाद मागता येते, दोन वर्षांच्या आत जावं लागतं आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फीसुद्धा नाही. पण पुरावा काय, तर मोबाइलवरचे ४० हजार. रोख दिलेले पैसे कागदावर कुठेच नाहीत. नोटीस गेल्यावर ६० हजार परत मिळाले, 'आता तक्रार नाही' असं लिहून घेऊन. सीझन बुडत होता, मी सही केली. करायला नको होती.

आता कुणी मशीन बघायला बोलावलं की मी सकाळी न सांगता जातो, आधी ब्लॉकवर हात ठेवून ते थंड आहे ना बघतो आणि मॅनिफोल्डमागचे प्लग बॅटरी मारून तपासतो. ऑइलचं झाकण उघडून चालवायला लावतो. फकफक धूर आला तर नमस्कार करून निघतो. मिस्त्री बरोबर नेतो तो दुसऱ्या बंदरातला, मजुरी आधीच हातावर ठेवून.

आमचा तो मिस्त्री अजून बंदरावर काम करतो. समोर आला की मान खाली घालत नाही, उलट विचारतो, मशीन कसं चाललंय? गेल्या महिन्यात तो मढच्या एका पोराला घेऊन दारूखान्याला निघालेला दिसला. पोराचा नंबर माझ्याकडे होता. त्या चाळण झालेल्या प्लगचा फोटो त्याला पाठवला, खाली गोदामाची गल्ली लिहिली. दहा मिनिटांनी त्याचा फोन आला. पहिला प्रश्न होता, "दादा, रंग आकाशीच होता काय?"