दहा हजार फॉन्ट आणि एक प्रमाणपत्र

ते प्रमाणपत्र मी अजून जपून ठेवलंय. सोनेरी किनार, मधोमध माझं नाव, खाली कुणाची तरी वळणदार सही आणि ‘आजीवन व्यावसायिक परवाना’ अशी ठळक ओळ. त्यावर नाही ते एवढंच, की ज्यांनी ते फॉन्ट घडवले त्यांच्यापैकी एकाचंही नाव. मला हे तेव्हा खटकलं नाही. पुढचं रामायण त्यातूनच घडलं.

एकट्याने काम करणाऱ्या डिझायनरची फॉन्टपायी कायम ओढाताण होते. चांगल्या फाउंड्रीची, म्हणजे फॉन्ट घडवणाऱ्या कंपनीची, अख्खी फॅमिली (एकाच फॉन्टची जाड-बारीक सगळी रूपं) घ्यायची म्हटली तर छोट्या कामाची निम्मी फी तिथेच संपते. अशातच जाहिरात दिसली: दहा हजार फॉन्ट, पैसे एकदाच, लोगो, छपाई, वेबसाइट, कुठेही वापरा. किंमत एका बऱ्या फॉन्टपेक्षाही कमी. पैसे भरताच ड्राइव्हची लिंक आली आणि पाठोपाठ ते प्रमाणपत्र. मनात शंका आलीच नाही असं नाही, पण विक्रेत्याने तिचीही सोय करून ठेवली होती. अक्षरांच्या आकारावर कॉपीराइट नसतो, आम्ही नावं बदलली आहेत, म्हणजे सगळं कायदेशीर, असं त्याच्या पानावर लिहिलं होतं.

यातलं अर्धं खरं आहे, म्हणूनच ते गळी उतरतं. अमेरिकेत अक्षरांच्या आकाराला कॉपीराइट मिळत नाही; १९७८ च्या एल्ट्रा विरुद्ध रिंगर खटल्यात तसा निकाल लागला होता. पण फॉन्टची फाइल हा संगणक प्रोग्राम धरला जातो आणि त्याला संरक्षण आहे. १९९८ साली अडोबीने सदर्न सॉफ्टवेअरविरुद्ध जिंकलेला खटला नेमक्या याच धंद्याबद्दल होता: दुसऱ्याच्या फॉन्टमधल्या बाह्यरेषा उचलायच्या, किंचित ताणायच्या, नवं नाव द्यायचं आणि विकायचं. शिवाय काही देशांत आकारालाही संरक्षण आहे. हे सगळं मी नंतर वाचलं. आधी वाचलं असतं तर हा लेख लिहावा लागला नसता.

त्या ढिगातला एक रुंद, ठसठशीत सॅन्स (टोकांना शेपट्या नसलेल्या अक्षरांचा फॉन्ट) मी एका क्लायंटच्या नव्या ओळखीसाठी निवडला. लोगो, खोकी, वेबसाइट, सगळीकडे तोच. काम करताना एक गोष्ट सतत छळत होती. कॅपिटल ‘टी’च्या पुढे ‘ओ’ आला की मध्ये भली मोठी फट पडायची. ‘ए’ आणि ‘व्ही’चंही तेच. फॉन्टमध्ये कर्निंगच, म्हणजे अक्षरांच्या जोड्यांमधलं अंतर जुळवणारी माहितीच, नव्हती. मी रात्र जागून एकेक जोडी हाताने जुळवली आणि वर स्वतःच्या बारकाईचं कौतुकही केलं! एवढा देखणा फॉन्ट काढणारा माणूस कर्निंग कसं विसरेल, हा साधा प्रश्न पडायला हवा होता. फाइल फोडून पुन्हा बांधताना कर्निंगची माहिती अनेकदा गळून पडते. ती फट म्हणजे घरफोडीची खूणच होती.

आठ-नऊ महिन्यांनी पत्र आलं, आणि ते मला नाही, क्लायंटला. एका फाउंड्रीने विचारलं होतं: तुमच्या वेबसाइटवर आमचा फॉन्ट आहे, परवाना कुणाच्या नावावर आहे ते कळवा. क्लायंटने ते माझ्याकडे पाठवलं आणि मी मोठ्या आत्मविश्वासाने प्रमाणपत्र पुढे केलं. उत्तर सभ्य भाषेत होतं, पण हा कागद आमचा नाही आणि हे विक्रेते आम्हाला ठाऊक नाहीत, एवढं त्यात स्वच्छ होतं. सोबत अक्षरांच्या तुलनेची चित्रं होती. रेषांवरचे बिंदू जागच्या जागी तेच. नाव बदलणाऱ्याने आतली ट्रेडमार्कची ओळ पुसायचीही तसदी घेतली नव्हती.

सापडलो कसे, याचं क्लायंटला फार नवल वाटलं. वेबसाइट उघडणाऱ्या प्रत्येकाच्या ब्राउझरमध्ये फॉन्टची फाइल उतरते; ती लपवायची म्हटलं तरी लपत नाही. त्यात डेस्कटॉपची फाइल वेबफॉन्टमध्ये बदलली होती मीच, एका फुकट कन्व्हर्टरने. फॉन्ट अस्सल विकत घेतला असता तरी हे बहुधा चाललं नसतं. डेस्कटॉप परवाना साधारणपणे किती जण वापरणार त्यावर ठरतो, वेबचा किती पानं पाहिली जातात त्यावर, आणि ॲपचा पुन्हा वेगळा. एकाच्या पोटात दुसरा सहसा येत नाही. ‘कशालाही चालेल’ या दोन शब्दांनी मला भुरळ पडली, कारण हा गुंता समजून घ्यायचा मला कंटाळा होता.

विक्रेत्याचं पान तोवर गायब झालं होतं. मेल परत आले. मागच्या वापराचा परवाना भरावा लागला, आणि क्लायंटशी झालेल्या करारात ‘सर्व साहित्य परवान्यासह’ असं कलम मीच घातलेलं असल्यामुळे तो माझ्या खिशातून गेला. खोकी पुन्हा छापली. त्या कामाची फी गेली, वर पदरचं गेलं. क्लायंट आरडाओरडा न करता फक्त पुढचं काम द्यायचा थांबला.

मग सूडाने म्हणा, मी तो सगळा ढीग फॉन्टफोर्जमध्ये उघडून पाहत बसलो. हा प्रोग्राम फुकट आहे. कॉपीराइट, परवाना, बनवणाऱ्याचा पत्ता यांसाठी फॉन्टच्या आत ठरलेल्या जागा असतात, त्या त्यात दिसतात. काही फॉन्टमध्ये त्या कोऱ्या होत्या. काहींत ‘फक्त वैयक्तिक वापरासाठी’ असं सरळ लिहिलेलं होतं. आणि सगळ्यात झोंबलं ते हे, की निम्म्याहून जास्त फॉन्ट ओपन फॉन्ट लायसन्सचे होते, म्हणजे बनवणाऱ्यांनी स्वतःच फुकट दिलेले. हा परवाना असलेला फॉन्ट नुसता, सुटा विकायला मनाई आहे, पण लोगो, छपाई, वेब, ॲप सगळीकडे वापरता येतो. मला हवं होतं ते फुकट पडलेलं होतं आणि त्याचेच मी पैसे मोजले.

फसणारा मी एकटा नाही, एवढंच समाधान. पायरसीविरोधातल्या एका गाजलेल्या मोहिमेच्या २००५ च्या पीडीएफमध्ये एक्सबँड रफ नावाचा फॉन्ट निघाला, तोही असाच फॉन्टफोर्जमध्ये, २०२५ साली. जुस्ट फान रोसुम यांनी १९९२ मध्ये केलेल्या एफएफ कॉन्फिडेन्शियलची ती चोरटी नक्कल होती. चोरी करू नका हे सांगायला चोरीची अक्षरं.

आता बजेट नसलं की मी आधी गूगल फॉन्ट्स पाहतो. इंटर, आयबीएम प्लेक्स, देवनागरीसाठी ‘मुक्त’ किंवा ‘बलू’, या फॉन्टांनी बहुतेक कामं निभतात. परवान्याची मजकूर फाइल फॉन्टसोबतच कामाच्या फोल्डरमध्ये ठेवतो. विकतचाच हवा असेल तर अख्ख्या फॅमिलीऐवजी एक किंवा दोन वेट (जाडीची रूपं) घेतो, तेही फाउंड्रीकडून किंवा तिने स्वतः नाव दिलेल्या विक्रेत्याकडून. क्लायंटला दाखवण्यापुरते ट्रायल फॉन्ट बऱ्याच फाउंड्री देतात. पसंत पडला की वेबचा परवाना क्लायंटच्या नावावर, त्याच्याच पैशाने. अडोबीच्या वर्गणीतले फॉन्टही चालतात, मात्र त्यांच्या फाइल क्लायंटला सोपवता येत नाहीत.

गेल्या आठवड्यात ती जाहिरात पुन्हा दिसली. नाव नवं, आकडा आता वीस हजार. नमुन्याची ओळ तीच आहे, आणि तिच्यातल्या ‘टी’ आणि ‘ओ’मधली फट अजून तशीच.