नव्या फोर-बाय-फोरचं स्टिअरिंग ओढतंय: कंपनीचं वर्कशॉप की गावातलं अलाइनमेंट सेंटर?

नवी गाडी, मीटरवर जेमतेम हजार किलोमीटर, आणि सरळ रस्त्यावर हात सैल केला की गाडी एका बाजूला जाते. किंवा स्टिअरिंग थोडं तिरकं धरलं तरच गाडी सरळ चालते. किंवा पुलाच्या सांध्यावरून गेल्यावर हातात थरथर सुरू होते आणि वेग कमी केल्याशिवाय थांबत नाही. खान्देशात अशा वेळी दोन रस्ते दिसतात: जळगाव-धुळ्याच्या अधिकृत वर्कशॉपमध्ये गाडी लावायची, नाहीतर चोपडा, शहादा, चाळीसगाव, जिथे राहता तिथल्या थ्रीडी अलाइनमेंटवाल्याकडे (मशीनवर चाकांचे कोन मोजून जुळवणाऱ्याकडे) अर्ध्या तासात काम उरकायचं. हा निर्णय मला स्वतःला घ्यावा लागला आहे. दोन्हींची बाजू खरी आहे, पण माझा कल कुठे आहे तो लपवणार नाही.

दोघांकडे जाण्याआधी

ओढणाऱ्या बऱ्याच गाड्यांत दोष स्टिअरिंगचा नसतोच. हवा सकाळी, गाडी हलवण्याआधी तपासा. मे महिन्यात भुसावळकडून तापलेल्या डांबरावरून आलेल्या टायरमध्ये हवा थंड टायरपेक्षा 4-5 पीएसआय जास्त दिसते, त्यामुळे पंपावर घेतलेलं माप फसवतं. पुढच्या दोन टायरांत 3-4 पीएसआयचा फरक असला तरी गाडी कमी हवेच्या बाजूला जाते.

रस्त्याचा उतारही लक्षात घ्या. पाणी वाहून जावं म्हणून चौपदरी महामार्गाची एकेक बाजू बहुधा डावीकडे उतरती असते. त्यावर गाडी हळूहळू डावीकडे सरकली तर तो रस्त्याचा गुण. उजवीकडे ओढत असेल तर मात्र रस्त्याला दोष देता येत नाही. खात्री करायला पहाटे जळगाव एमआयडीसी किंवा धुळ्याजवळच्या अवधान एमआयडीसीतला रुंद, रिकामा, सपाट रस्ता बघा.

पावसाळ्यात काळ्या मातीचा वेगळाच त्रास. कपाशीच्या किंवा केळीच्या शेतातून गाडी काढली की चिखल रिमच्या आतल्या बाजूला बसतो आणि वाळून दगडासारखा घट्ट होतो. बॅलन्सिंगवाला 5-5 ग्रॅमची वजनं लावून चाक जुळवतो, तिथे शंभर ग्रॅम माती एका जागी चिकटल्यावर 80-90 च्या वेगाला स्टिअरिंग थरथरणारच. चाकाची आतली बाजू प्रेशरने धुवा आणि मग पुन्हा चालवून बघा.

शेवटचं, फोर-व्हील. पार्ट-टाइम फोर-बाय-फोर गाडी कोरड्या डांबरावर 4H मध्ये, म्हणजे चारही चाकांना ताकद देणाऱ्या ड्राइव्हमध्ये राहिली, तर वळताना पुढची-मागची चाकं एकमेकांशी भांडतात, स्टिअरिंग जड होतं, गाडी अडखळते. हा बिघाड नाही. 2H मध्ये, म्हणजे दोनच चाकांच्या ड्राइव्हमध्ये घ्या आणि डॅशवरचा दिवा गेला याची खात्री करा.

टायरचा संशय असेल तर पुढची दोन चाकं डावी-उजवी बदलून बघा. ओढणं उलट दिशेला गेलं किंवा थांबलं, तर दोष टायरच्या बांधणीत आहे. ज्या टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण आहे त्यांच्यावर हा प्रयोग जास्त वेळ ठेवू नका. टायरची वॉरंटी बहुधा टायर कंपनीकडे असते, गाडीच्या कंपनीकडे नाही. वर्कशॉप फक्त क्लेम पुढे पाठवतं.

दोघांची तुलना

वेळेच्या बाबतीत बाहेरचा सरळ जिंकतो. तळोदा-अक्कलकुव्याकडच्या माणसाला धुळ्याची फेरी म्हणजे एक दिवस, आणि पहिल्या फेरीत काम होईलच असं नाही. गावातला अलाइनमेंटवाला गाडी रॅम्पवर घेतो, चार चाकांना टार्गेट लावतो आणि काही शे रुपयांत छापील कागद हातात देतो. हाताचा अंदाजही त्याचा पक्का असतो, कारण दिवसभर पिकअप आणि ट्रॅक्स त्याच्याच रॅम्पवर चढतात. अधिकृत वर्कशॉपमध्ये मशीन तेच असेल, पण ते चालवणारा मुलगा बदलत राहतो.

पण ऑफ-रोड गाडीच्या बाबतीत अलाइनमेंट या शब्दाचा अर्थ गाडीगणिक बदलतो. जिम्नीसारख्या गाडीला पुढे सलग अ‍ॅक्सल आहे. म्हणजे दोन्ही चाकं एकाच आडव्या दांड्यावर. तिथे सहज फिरवता येतो तो फक्त टो, म्हणजे वरून बघितल्यावर चाकं आत-बाहेर किती वळलेली आहेत तो कोन. कॅम्बर (समोरून बघितल्यावर चाकाचा आत-बाहेर कल) आणि कॅस्टर (बाजूने बघितल्यावर चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा पुढे-मागे कल) अ‍ॅक्सलच्या घडणीतच ठरलेले असतात. मशीनच्या पडद्यावर त्यातला एखादा आकडा लाल दिसला, तर काहीतरी वाकलेलं आहे, चुकीचं बसलंय किंवा बुशमध्ये (जोडातल्या रबरी नळीत) गडबड आहे. टाय रॉड (टो जुळवायची, चाकाला जोडलेली दांडी) कितीही फिरवला तरी तो आकडा हलणार नाही. थार किंवा गुरखासारख्या गाडीला पुढे स्वतंत्र सस्पेन्शन आहे, म्हणजे प्रत्येक चाक वेगळं वर-खाली होतं. अशा रचनेत कॅम्बर-कॅस्टरला सोय दिलेली असेल तर आधी ते जुळवायचं आणि टो सगळ्यात शेवटी, कारण कॅम्बर हलला की टो आपोआप बिघडतो. घाईत काम करणारा फक्त टो लावून मोकळा होतो.

आणि एकट्या टोने गाडी ओढत नाही. टो चुकला तर टायर झिजतं, स्टिअरिंग तिरकं बसतं. ओढण्याचं मूळ बहुतेक वेळा डाव्या-उजव्या कॅम्बर-कॅस्टरच्या फरकात, टायरमध्ये किंवा धरून राहिलेल्या ब्रेकमध्ये असतं. ज्या बाजूला कॅस्टर कमी तिकडे गाडी जाते, ज्या बाजूला पॉझिटिव्ह कॅम्बर (चाकाचा वरचा भाग बाहेर झुकलेला) जास्त तिकडे जाते. दोन्ही बाजूंत अर्ध्या अंशापेक्षा जास्त फरक दिसला तर प्रश्न विचारायला जागा आहे. ब्रेकची परीक्षा सोपी आहे: दहा-पंधरा किलोमीटर कमीत कमी ब्रेक वापरून चालवा आणि दोन्ही पुढच्या रिमजवळ हात न्या. एक बाजू स्पष्ट जास्त तापलेली असेल तर अलाइनमेंटला पैसे घालू नका.

लॉकनटवरची खूण

माझा निर्णय या एका गोष्टीने ठरला. नव्या गाडीखाली वाकून टाय रॉडच्या लॉकनटकडे बघा. अनेक गाड्यांत नट आणि रॉड दोन्हींवरून गेलेली रंगाची एक रेघ दिसते. कारखान्यात नट घट्ट करून तपासल्याची ती खूण. बाहेरच्या माणसाने पाना लावला की रेघ तुटते. त्या क्षणापासून तुमच्या तक्रारीला वर्कशॉपचं एकच उत्तर: 'बाहेर हात लागलाय.'

त्याहून वाईट म्हणजे मूळ आकडे जातात. मशीन 'आधी' आणि 'नंतर' असे दोन रकाने दाखवतं, पण बरेच दुकानदार फक्त दुसऱ्याचा, सगळे आकडे हिरवे असलेला कागद देतात. गाडी कारखान्यातून कशी आली हे सांगणारा एकमेव पुरावा पहिल्या रकान्यात होता. तो न छापता मिटवला की परत मिळत नाही. सलग अ‍ॅक्सलच्या गाडीत निदान कॅम्बर-कॅस्टर शाबूत राहतात. स्वतंत्र सस्पेन्शनच्या गाडीत तिन्ही आकडे बदललेले असू शकतात. पुढे महिन्याभराने गाडी पुन्हा ओढायला लागली, की दोष मुळातला की दुकानातला, हे कोणीच सांगू शकत नाही. मला याची इतकी चीड आहे की वेळ, पैसा, अंतर या सगळ्या बाबतीत बाहेरचा सरस असूनही वॉरंटीतल्या गाडीला त्याचा पाना लागू देऊ नये असं माझं मत झालं आहे.

आणखी एक चलाख उपाय काही ठिकाणी होतो: तिरकं स्टिअरिंग सरळ दिसावं म्हणून हातातलं स्टिअरिंगचं चाक काढून दांड्याच्या खाचांवर (स्प्लाइनवर) एक दात सरकवून बसवतात. एअरबॅगची वायर आणि स्टिअरिंग अँगल सेन्सर तिथेच असतात. असं केलं की ईएसपीचा (गाडी घसरू न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा लागू शकतो आणि गाडीची खरी मध्यस्थिती हरवते. सेंटर जुळवायचं ते खालून. रॅक प्रकारच्या स्टिअरिंगच्या गाडीत दोन्ही टाय रॉड सारख्याच मापाने, एक आत एक बाहेर. सलग अ‍ॅक्सलच्या गाडीत ड्रॅग लिंकवरून, म्हणजे स्टिअरिंग बॉक्सपासून चाकांकडे जाणाऱ्या दांडीवरून. मग गरज असेल तर स्कॅनरने सेन्सर शून्यावर आणायचा.

म्हणून बाहेरच्या माणसाचा उपयोग मी मोजणीपुरता सांगेन. त्याला स्पष्ट बोला: 'फक्त रीडिंग घ्या, पाना लावू नका, आधीचा रकाना छापून द्या.' पूर्ण पैसे द्या, कारण त्याचा वेळ गेलाच आहे. कागदावर तारीख, गाडी नंबर आणि किलोमीटर असू द्या. लॉकनटच्या रेघेचा फोटोही त्याच वेळी रॅम्पवर काढा.

जॉब कार्ड आणि ट्रायल

वर्कशॉपचा दोष सर्वांना माहीत आहे. तुम्ही सांगता, 'गाडी डाव्या बाजूले ओढस', आणि सल्लागार संगणकावर टाकतो 'व्हील अलाइनमेंट, बॅलन्सिंग'. तक्रार नोंदलीच जात नाही, उपाय नोंदला जातो. सही करण्याआधी लक्षण लिहून घ्या: 'सपाट रस्त्यावर 70 च्या वेगाला हात सोडल्यावर गाडी डावीकडे जाते, स्टिअरिंग उजवीकडे तिरकं धरावं लागतं, किलोमीटर इतके.' बाहेरच्या रीडिंगची झेरॉक्स जोडा आणि जॉब कार्डावर तसा उल्लेख करून घ्या. याच फेरीत चासी नंबरवर काही रिकॉल आहे का तेही विचारा.

ट्रायलला स्वतः बसा. वर्कशॉपबाहेरच्या गर्दीत 40 च्या वेगाने दोन किलोमीटर फिरून 'ओके' लिहिलं जातं, तुमचा दोष मात्र 80 ला दिसतो. लळिंग घाटाच्या बाजूला किंवा भुसावळ रस्त्याला, जिथे वेग कायद्यात राहून धरता येईल, तिथे सल्लागाराला चालवायला सांगा.

थरथरीची तक्रार असेल आणि गाडीला पुढे सलग अ‍ॅक्सल असेल, तर फक्त स्टिअरिंग डॅम्पर बदलून देण्यावर समाधान मानू नका. डॅम्पर थरथर दाबतो, कारण काढत नाही. समोरच उभी-उभी तपासणी करून मागा: चाकं जमिनीवर, इंजिन चालू, एकाने स्टिअरिंग थोडं डावी-उजवीकडे भरभर हलवायचं आणि दुसऱ्याने खाली बघायचं. टाय रॉड एंड, ड्रॅग लिंक, पॅनहार्ड रॉडचे (दांडा आडवा सरकू न देणाऱ्या दांडीचे) दोन्ही टोकांचे बोल्ट, नकलचे (चाक ज्यावर वळतं त्या सांध्याचे) बेअरिंग. जिथे जोड आधी हलतो आणि पुढचा भाग नंतर, तिथे ढिलेपणा. पॅनहार्ड रॉड आणि आर्मचे बोल्ट गाडी हवेत लटकलेली असताना घट्ट केले तर बुश पिळलेलं राहतं आणि गाडीला एका बाजूची ओढ लागते. ते बोल्ट गाडी स्वतःच्या वजनावर उभी करून, मॅन्युअलमधल्या टॉर्कनेच आवळायचे. बाहेर टॉर्क रेंच क्वचित दिसतो. वर्कशॉपमध्ये तो असतो, वापरायला सांगावं लागतं एवढंच.

तीन फेऱ्यांनंतरही तेच

एकाच लक्षणाची तीन जॉब कार्डं जमली की कंपनीला लेखी ईमेल करा आणि 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. 2019 च्या कायद्याने तुम्ही जिथे राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणजे नंदुरबारच्या माणसाला शोरूमच्या गावी खेटे घालायला नकोत. मोजलेली किंमत 50 लाखांपर्यंत असेल तर प्रकरण जिल्हा आयोगाकडे येतं. 10 ते 20 लाखांच्या गाडीला फी 400 रुपये आहे. मुदत कारण घडल्यापासून 2 वर्षांची. 'उत्पादनातला दोष' हा शब्द तिथे नुसता म्हणून चालत नाही, तज्ज्ञाचा अहवाल लागतो. बिनपान्याचं ते पहिलं रीडिंग आणि नीट लिहिलेली जॉब कार्डं तिथे सगळ्यात जास्त कामाला येतात.

एका परिस्थितीत मात्र मी उलट सांगेन. गाडी आल्या आल्या ती उंच करणारं लिफ्ट किट किंवा मोठे टायर बसवले असतील, तर वर्कशॉपची फेरी वाचवा. सलग अ‍ॅक्सलची गाडी उचलली की कॅस्टर कमी होतो. मग स्टिअरिंग वळणानंतर आपोआप परतत नाही आणि वेगात गाडी भिरभिरते. पॅनहार्ड रॉडमुळे अ‍ॅक्सलही थोडा एका बाजूला सरकतो. याची जबाबदारी वर्कशॉप घेणार नाही, आणि घ्यावी अशी अपेक्षाही नको. त्यासाठी कॅस्टर सुधारणारे बुश आणि लांबी बदलता येणारा पॅनहार्ड रॉड लावून देणारा बाहेरचाच जाणकार माणूस शोधा, आणि त्याच्याकडूनही दोन्ही रकान्यांचा कागद घ्या.