बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररी: जुन्या चित्रांवरून झाड ओळखायला शिकताना

सह्याद्रीतली झाडे नावानिशी ओळखायची असतील तर आज फुकट मिळणाऱ्या साधनांत या वेबसाइटला तोड नाही. नोंदणी नाही, पैसे नाहीत. वनस्पतिउद्याने, संग्रहालये आणि ग्रंथालये यांनी २००६ मध्ये हा प्रकल्प उभा केला आणि आपल्याकडची जुनी पुस्तके पानापानाने स्कॅन करून इथे ठेवली. पानांचा आकडा सहा कोटींच्या पुढे गेला आहे. अडचण तीच आहे. काय उघडायचे हे माहीत नसेल तर चित्रे बघण्यात संध्याकाळ जाते आणि ओळख एकाही झाडाची होत नाही.

सुरुवात चित्र नसलेल्या पुस्तकापासून करावी. थिओडोर कुक हे पुण्याच्या सायन्स कॉलेजचे, म्हणजे पुढच्या इंजिनिअरिंग कॉलेजचे, प्राचार्य होते. त्यांची ‘फ्लोरा ऑफ द प्रेसिडेन्सी ऑफ बॉम्बे’ १९०१ ते १९०८ दरम्यान निघाली. तिच्यात प्रजाती आणि जाती ओळखण्याच्या किल्ल्या (खुणा पडताळत नावापर्यंत नेणारे तक्ते) आहेत आणि प्रत्येक जातीखाली आधीच्या ग्रंथांचे संदर्भ बारीक टाइपात दिले आहेत. नवखा वाचक ते संदर्भ वगळतो, पण चित्राकडे जाणारी वाट तिथूनच निघते. संदर्भातल्या ‘टी’ या अक्षरापुढचा आकडा म्हणजे चित्राचा क्रमांक (लॅटिन ‘टॅब्युला’). ग्रंथ, खंड आणि हा क्रमांक टिपून घेतला की नेमके पान उघडता येते.

कळलावीचे उदाहरण घ्या. ‘ग्लोरिओसा सुपर्बा’ असे शोधले तर सगळी जुनी चित्रे सापडत नाहीत, कारण बऱ्याच जुन्या ग्रंथांत ती ‘मेथोनिका सुपर्बा’ या नावाने आहे. हे नाव मल्याळममधल्या ‘मेंदोनी’वरून आले. ‘होर्टुस मलबारिकुस’ या मलबारच्या वनस्पतींवरच्या सतराव्या शतकातल्या ग्रंथाच्या सातव्या खंडातले ५७वे चित्र ‘मेंदोनी’चेच आहे. म्हणून नियम असा: आजचे नाव, किमान एक जुने नाव आणि चित्रक्रमांक, तिन्ही हाताशी ठेवून शोध घ्यावा. स्कॅन केलेल्या पानाशेजारी त्या पानावरची शास्त्रीय नावे आपोआप दिसतात. ती संगणकाने टिपलेली असतात आणि सतराव्या शतकातल्या छपाईत त्याची गफलत होते. तेव्हाचा लांब ‘एस’ त्याला ‘एफ’ वाटतो. शब्द सापडला नाही तर ‘एस’च्या जागी ‘एफ’ घालून पुन्हा शोधावा.

‘होर्टुस मलबारिकुस’ हा या संग्रहातला मराठी आणि कोकणी वाचकाने सर्वांत आधी उघडावा असा ग्रंथ. कोचीनचा डच गव्हर्नर हेंड्रिक व्हान रीड याने तो तयार करवला. १६७८ ते १६९३ या काळात अ‍ॅम्स्टरडॅमला बारा खंड निघाले आणि त्यांत सुमारे ७४० वनस्पती आल्या. माहिती देणाऱ्यांत इट्टी अच्युतन हे वैद्य होते, तसेच रंग भट, विनायक पंडित आणि आपू भट हे कोकणीभाषक पंडितही होते. या तिघांचे नागरी लिपीतले प्रमाणपत्र पहिल्या खंडात छापलेले आहे. चित्रांवर वनस्पतीचे नाव रोमन, मल्याळम आणि अरबी लिप्यांबरोबर नागरीतही कोरलेले सापडते. पहिल्या खंडात नारळापासून सुरुवात करून उंबर, पिंपळ, वड अशा ओळखीच्या झाडांवर डोळा बसवावा, म्हणजे पुढची अनोळखी चित्रे वाचता येतात. वर्णन लॅटिनमध्ये आहे. डॉ. के. एस. मणिलाल यांनी केलेले इंग्रजी भाषांतर केरळ विद्यापीठाने २००३ मध्ये प्रसिद्ध केले. ते शेजारी ठेवल्याशिवाय फुलाचा रंग आणि झाडाची उंची कळत नाही, कारण तांब्याच्या पत्र्यावरून छापलेली ही चित्रे काळी-पांढरी आहेत.

या छपाईचा आणखी एक परिणाम फार जण लक्षात घेत नाहीत. पत्र्यावर कोरलेले चित्र कागदावर उलटे उमटते. कोरणाऱ्याने मूळ रेखाटन जसेच्या तसे पत्र्यावर उतरवले असेल तर छापील वेल उलट दिशेने पिळलेला दिसतो. कंदवेलींत यामुळे सरळ चूक होते. कडू कारांदा आणि शेंडवेल डावीकडे पीळ घेतात, कोनफळ उजवीकडे, आणि ओळखीची पहिली खूण तीच असते. ही खूण कोरीव चित्रावरून कधीही ठरवू नये. दाबून वाळवलेल्या नमुन्यावर मात्र ती बिनधास्त बघावी, कारण नमुना पालथा घातला तरी पिळाची दिशा बदलत नाही.

वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट वाइट यांचे भारतीय वनस्पतींच्या चित्रांचे ‘आयकोनेस’ (मद्रास, १८३८ ते १८५३) अभ्यासाला जास्त सोयीचे. सहा खंड, २१०१ चित्रे, आणि बऱ्याच चित्रांत फुलाचे सुटे भाग मोठे करून दाखवलेले. त्यांतली बहुतेक रंगिया आणि गोविंदू या दोन दक्षिणी चित्रकारांची. वाइट यांनी एका ऑर्किडच्या प्रजातीला ‘गोविंदूइया’ असे नाव देऊन या चित्रकाराचा मान राखला. आज ती प्रजाती ‘ट्रॉपिडिया’त धरतात, पण जुन्या पानावर ते नाव बघून आनंद होतो.

रंगासाठी १७८७ पासून निघणारे ‘कर्टिसेस बोटॅनिकल मॅगझिन’ बघावे. १९४८ पर्यंत त्याची चित्रे हाताने रंगवत, त्यामुळे प्रतीप्रतीत छटा बदलते. एकच खंड दोन ग्रंथालयांनी स्कॅन केलेला असेल तर दोन्ही उघडावेत. पांढऱ्या पाकळ्या राखाडी दिसल्या तर तो बहुधा शिशाचा पांढरा रंग काळवंडल्याचा परिणाम, फुलाचा गुण नव्हे.

डाउनलोड करताना अख्ख्या खंडाची पीडीएफ घेऊ नये, ती अवजड असते. हवी ती पाने निवडून तेवढ्यांची फाइल बनवता येते. चित्र मोठे करून छापायचे असेल तर त्या पानाची प्रतिमा वेगळी उतरवावी. पुस्तकाच्या माहितीत हक्कांची ओळ असते, ती वाचल्याशिवाय चित्र कुठे वापरू नये. मोबाइलवर हे काम रेटत नाही. लॅपटॉप हवाच.

चित्र एकट्याने पुरत नाही. चित्रकार अनेकदा फूल आणि फळ एकाच फांदीवर दाखवतो, रानात ते तसे भेटेलच असे नाही. म्हणून दुसऱ्या खिडकीत लंडनच्या क्यू उद्यानाचा ऑनलाइन नमुनासंग्रह उघडावा. शीट, म्हणजे दाबून वाळवलेला नमुना चिकटवलेला कागद, एका ठिकाणचे, एका दिवसाचे झाड दाखवते. स्कॅनमध्ये मोजपट्टी असते, तिच्यावरून पान मोजता येते. पण कोकणातल्या जुन्या शीटवर स्थळ नेमके मिळेल अशी आशा धरू नये. ‘मलबार, कोकण इत्यादी’ एवढेच छापील लेबल असलेल्या शीट पुष्कळ आहेत. कळलावीचे चित्र आणि शीट दोन्ही समोर ठेवा: चित्रात मागे वळलेल्या सहा लहरी पाकळ्या स्पष्ट, शीटवर त्या चेपलेल्या आणि तपकिरी. मात्र पानाच्या टोकाचा आधाराला गुंडाळणारा तंतू आणि काटकोनात वळलेला कुक्षिवृंत (फुलातल्या बीजकोशावरची दांडी) नीट दाबलेल्या शीटवरही टिकतो.

स्वतःची शीट केली की बघणे आणखी पक्के होते. फांदी वर्तमानपत्राच्या घडीत ठेवून एक पान पालथे करावे, म्हणजे खालची बाजू दिसते. दोन्हीकडे टीपकागद, वर फळी, पट्ट्याने घट्ट आवळणे. पहिला कागद चोवीस तासांच्या आत बदलावा. तेव्हा पाने मऊ असतात, घड्या सोडवायची हीच वेळ. पुढे तीन दिवस रोज, मग एक दिवसाआड. पावसाळ्यात कागद बदलायला आळस केला की पाने काळी पडतात आणि बुरशी धरते. नमुना गालाला लावून बघावा, गार लागला तर तो अजून ओला आहे. रसाळ झाडे आधी उकळत्या पाण्यात क्षणभर बुडवावीत, नाहीतर दाबातही ती जगत राहतात आणि पाने गाळतात. वाळलेला नमुना सुमारे ४२ बाय २८ सेंटिमीटरच्या जाड कागदावर चिकटवावा, जाड देठ दोऱ्याने शिवावेत. लेबलवर गाव, तारीख, उंची आणि फुलाचा ताजा रंग हवाच, कारण रंग उडतो.

किडीसाठी शीट पॉलिथिनमध्ये बंद करून आठवडाभर डीप फ्रीजरमध्ये ठेवावी आणि बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला येईपर्यंत पिशवी उघडू नये, नाहीतर दव धरते. जुन्या संग्रहांत वापरलेले मर्क्युरिक क्लोराइड घरात आणू नये, ते जहर आहे. अशा जुन्या शीट हाताळल्यावर हात धुवावेत. कळलावीचा कंद अख्खा वाळत नाही, उभा चिरून दाबावा लागतो. त्यात कोल्चिसिन हे विष असते, म्हणून हातमोजे घालावेत आणि ती सुरी स्वयंपाकघरात परत नेऊ नये.