केस परत आणून देण्याची हमी: धरमपेठेतील एका क्लिनिकचा अनुभव

गेल्या पावसाळ्यात मला डेंग्यू झाला आणि ताप उतरून दोन-अडीच महिने होतात न होतात तोच केस मूठमूठ गळू लागले. त्याच सुमारास नागपूरच्या धरमपेठेतील एका हेअर क्लिनिकची मोफत तपासणीची जाहिरात मोबाइलवर दिसली, म्हणून धाकट्या भावाला सोबत घेऊन मी तेथे गेले.

तपासणी करणाऱ्या बाई डॉक्टर नव्हत्या, काउन्सेलर होत्या. त्यांनी आधी केसांवर पाण्याचा फवारा मारला, प्रखर दिवा जवळ ओढला आणि छोटा कॅमेरा भांगावर टेकवून टाळू पडद्यावर मोठी करून दाखवली. ओले केस एकमेकांना चिकटले की दाट केसांच्या माणसाचीही टाळू उघडी दिसते. पण पडद्यावरचे ते चित्र पाहताना हे सुचत नाही. "मॅडम, मुळं मरत चालली आहेत, आता उशीर केलात तर टक्कल पक्कं," असे त्या म्हणाल्या. नुकताच ताप येऊन गेला का, थायरॉइड आहे का, रक्त कमी आहे का, यांपैकी एकही प्रश्न त्यांनी विचारला नाही.

पॅकेज 85,000 रुपयांचे आणि सहा महिन्यांचे होते: पीआरपी (आपल्याच रक्तातला प्लेटलेटयुक्त भाग वेगळा करून टाळूत टोचणे), 'सीरम' आणि गोळ्या. एवढे पैसे नाहीत म्हटल्यावर माझ्याच मोबाइलवर आलेला ओटीपी घेऊन त्यांनी एका फायनान्स कंपनीचे कर्ज जागच्या जागी मंजूर करून घेतले. पावतीवर उपचाराचे नाव नव्हते, फक्त 'वेलनेस पॅकेज' असे छापले होते आणि खाली बारीक अक्षरांत रक्कम परत मिळणार नाही अशी अट होती. सीरमच्या बाटलीवर क्लिनिकचे स्टिकर होते, औषधाचे नाव नव्हते. गोळ्या कागदी पुडीत सुट्या दिल्या होत्या. पुरुषांना केसांसाठी दिले जाणारे फिनास्टराइड गर्भवती स्त्रीने घेतल्यास पोटातील मुलग्याच्या वाढीला अपाय होऊ शकतो, हे लक्षात घेता स्त्रीच्या हाती निनावी गोळ्या देणे हा मला या प्रकरणातील सर्वांत गंभीर भाग वाटतो.

नंतर मी मेडिकलच्या, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातील, त्वचारोग विभागात गेले. तेथील डॉक्टरांनी पन्नास-साठ केसांची बट चिमटीत धरून हलकेच ओढली, हातात आलेले केस मोजले आणि पहिलाच प्रश्न विचारला, "तीन महिन्यांमागे आजारी होता का?" या गळतीला टेलोजन एफ्लुव्हियम म्हणतात. मोठा ताप, बाळंतपण किंवा शस्त्रक्रिया यांच्या धक्क्याने बरेचसे केस एकदम विश्रांतीच्या अवस्थेत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी गळतात. मुळे जिवंतच असतात, त्यामुळे बहुतेकांची गळती साधारण सहा महिन्यांत आपोआप थांबते. डॉक्टरांनी हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातील लोहाचा साठा) आणि थायरॉइड तपासायला सांगितले. क्लिनिकचे पॅकेजही नेमके सहा महिन्यांचेच असते, म्हणजे निसर्गाने परत दिलेल्या केसांचे श्रेय आणि पैसे दोन्ही त्यांच्या खात्यात जमा होतात. फसवणुकीचे मूळ येथे आहे.

माझ्या भावाची गोष्ट वेगळी आहे. त्याच्या कपाळाचे कोपरे मागे सरकत आहेत, म्हणजे ती आनुवंशिक गळती आहे आणि ती आपोआप थांबत नाही. त्यावर मिनॉक्सिडिल हे टाळूला लावायचे औषध उपयोगी पडते, पण लावणे सोडले की फायदाही ओसरतो. पहिल्या काही आठवड्यांत उलट गळती वाढू शकते, हे कोणीतरी आधी सांगायला हवे. क्लिनिकने मात्र बाविशीतल्या या मुलाला थेट केशरोपणाचा आग्रह धरला. डोक्याच्या मागच्या भागातून काढता येणारे केस मर्यादित असतात आणि या वयात टक्कल कुठवर जाईल याचा अंदाज नसतो. शिवाय राष्ट्रीय वैद्यक आयोगाने 2022 मध्ये स्पष्ट केले आहे की केशरोपण प्रशिक्षित नोंदणीकृत डॉक्टरनेच करावे, तंत्रज्ञाने नव्हे. औषधाने टक्कल बरे होते असा दावा करण्यासही औषध नियमांतील 'जे' परिशिष्टानुसार मनाई आहे.

क्लिनिकने रक्कम परत करण्यास नकार दिला असून कर्जाचे हप्ते सुरूच आहेत, म्हणून मी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करीत आहे. घटनेपासून दोन वर्षांच्या आत ती करता येते आणि 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही. 1915 या राष्ट्रीय हेल्पलाइनवरही मार्गदर्शन मिळते. ज्यांनी असे पैसे भरले असतील त्यांनी पावती, कर्जाचा करार, व्हॉट्सअ‍ॅपवरील संभाषण आणि बाटल्यांचे फोटो जपून ठेवावेत, रिकाम्या बाटल्यासुद्धा टाकू नयेत.