व्हीसेंटरचं पॅचिंग ॲन्सिबलला जोडून वापरलं, ते पण ऐन गळीत हंगामात

आधीच सांगतो, बेंगळुरात ज्यांच्याकडं शेकड्यानं होस्ट, म्हणजे आभासी मशीनं चालवणारे सर्व्हर, आहेत त्यांच्यासाठी हा रिव्ह्यू नाही, त्यांना हे सगळं पाठ असतंय. मी लिहितोय ते आपल्या बेळगाव-चिकोडी-निपाणी पट्ट्यातल्या लोकांसाठी, म्हणजे एखादा कारखाना, उद्यमबागेतली फौंड्री, नाहीतर कॉलेज, जिथं तीन-चार सर्व्हरचा क्लस्टर एकटा माणूस सांभाळतोय आणि त्यालाच प्रिंटरचा टोनर बदलायला पण बोलावतात. मी साखर कारखान्यात आहे, नाव सांगत नाही. तीन होस्ट, सगळ्यांवर व्हीएमवेअरचं ईएसएक्सआय ८ (एका सर्व्हरवर अनेक आभासी मशीनं, म्हणजे व्हीएम, चालवणारं सॉफ्टवेअर), वर सगळे होस्ट एका जागेवरनं सांभाळणारं व्हीसेंटर, लायसन्स स्टँडर्ड. ऊस वजनाचा काटा, ऊस नोंद, शेतकऱ्यांची बिलं, पगार सगळं ह्याच्यावरच चालतंय.

कारखान्याचं गणित वेगळं असतंय. पावसाळ्यात सर्व्हर दोन दिवस बंद ठेवला तरी कोण विचारत नाही, पण एकदा गळीत चालू झालं की काटा चोवीस तास चालू पाहिजे. रात्री दोन वाजता पण गेटबाहेर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग, बैलगाडीवाले शेकोटी करून बसलेले, आणि काटा दहा मिनिटं थांबला की चेअरमनपासून टोळीच्या मुकादमापर्यंत सगळ्यांचे फोन. पॅच, म्हणजे सॉफ्टवेअरमधली भोकं बुजवणारे अपडेट, काय हंगाम बघून येत नाहीत. २०२५ च्या ४ मार्चला ईएसएक्सआयमधलं जे भोक निघालं, सीव्हीई-२०२५-२२२२४ (सीव्हीई म्हणजे अशा भोकाचा नोंदणी नंबर) आणि त्याच्याबरोबरची आणखी दोन, त्यात एखाद्या व्हीएममध्ये ॲडमिन झालेला माणूस तिथनं बाहेर पडून थेट होस्टवर कोड चालवू शकत होता, आणि हे बाहेर वापरलं जातंय असं व्हीएमवेअरची मालक कंपनी ब्रॉडकॉमनंच कबूल केलं. आता हे ऑफ सीझनपर्यंत थांबवायचं कसं?

तर आधी मूळ प्रॉडक्टबद्दल. व्हीसेंटर स्वतःला पॅच करायला ५४८० पोर्टवरचं पान देतंय, रूटनं (मुख्य ॲडमिन खातं) लॉगिन करायचं, अपडेटमध्ये जायचं, स्टेज करायचं, मग इन्स्टॉल. स्टेज वेगळं ठेवलंय हे मला लई आवडलं, कारण आपल्याकडची लाईन कशी असते माहीत आहे, दिवसाउजेडी निवांत फाइल उतरवून ठेवायची आणि इन्स्टॉल रात्री. इन्स्टॉलच्या आधी स्वतःच तपासणी करतंय आणि बॅकअप घेतला का असं विचारून टिक मारायला लावतंय. तिथं नुसती टिक मारू नका, खरंच घ्या. बॅकअपचं शेड्यूल त्याच पानावर आहे. आणि एक गोष्ट बऱ्याच जणांना कळत नाही, हा फाइल बॅकअप रिस्टोअर करायला त्याच बिल्डचा इन्स्टॉलर लागतोय, म्हणून त्याचा आयएसओ (इन्स्टॉलेशन सीडीची एकच फाइल) एका हार्ड डिस्कवर टाकून कपाटात ठेवा. आणि हो, रूटचा पासवर्ड ९० दिवसांनी संपतो, ही डिफॉल्ट सेटिंग आहे, पॅचच्या रात्रीच कळायला नको.

इन्स्टॉल झाल्यावर ब्राउझरमध्ये "नो हेल्दी अपस्ट्रीम" असं दिसतंय. नवीन माणूस हे बघून घाबरतो आणि लगेच रीबूट मारतो. काही करू नका, सर्व्हिसेस उठायला वेळ घेतात, चहा घेऊन या.

आमचे प्रॉडक्शनचे साहेब दर वेळी एकच विचारतात, "अहो, व्हीसेंटर बंद म्हणजे काटा बंद का?" नाही साहेब. व्हीएम चालतात होस्टवर, व्हीसेंटर फक्त वरनं बघतंय. एचए, म्हणजे एक होस्ट पडला तर त्याच्या व्हीएम दुसऱ्यावर उठवणारी सोय, ते पण चालू राहतंय कारण त्याचे एजंट होस्टवरच असतात. बंद काय होतंय तर व्हीमोशन (चालू व्हीएम एका होस्टवरनं दुसऱ्यावर हलवणं), नवीन व्हीएम करणं, असलं. हे एकदा समजावून ठेवलं की निम्मी भांडणं मिटतात.

होस्टच्या पॅचिंगला आत लाइफसायकल मॅनेजर आहे, जुना अपडेट मॅनेजर होता तोच ७.० पासून नवीन नावानं. इमेज म्हणून एक प्रकार आहे, म्हणजे अख्ख्या क्लस्टरला सांगायचं की ईएसएक्सआयचं हे व्हर्जन, सर्व्हर कंपनीचं हे ॲडऑन, एवढं सगळ्यांवर सारखं पाहिजे, मग कुठला होस्ट जुळत नाही ते तो दाखवतो आणि रेमेडिएट दाबलं की एक-एक करून जुळवून आणतो. हे काम झकास आहे. जुन्या बेसलाइनवाल्यांनी (होस्टला पॅचची यादी लावायची जुनी पद्धत) लक्षात ठेवा, क्लस्टर एकदा इमेजवर नेला की परत बेसलाइनवर येत नाही, आणि ९ च्या होस्टला बेसलाइन नाहीच, त्यामुळं आज ना उद्या इकडं यायचंच आहे. क्विक बूट पण आहे, सर्व्हरला चालत असेल तर हार्डवेअरची सगळी तपासणी टाळून नुसता ईएसएक्सआय परत उठतो, मेमरी जास्त असलेल्या मशीनला ह्यानं बराच वेळ वाचतोय.

आता खरी मेख. रेमेडिएट होताना होस्ट मेंटेनन्स मोडमध्ये जायला पाहिजे, आणि तो जायला त्याच्यावरच्या सगळ्या व्हीएम दुसरीकडं हलायला पाहिजेत. हे आपोआप हलवायचं काम डीआरएसचं, आणि स्टँडर्ड लायसन्समध्ये डीआरएस नाही. व्हीमोशन आहे, पण हलवणार कोण, तुम्ही. म्हणजे रात्री बसा आणि एक-एक व्हीएमवर राइट क्लिक करत रहा, होस्ट रीबूट झाला की परत आणा, मग पुढचा होस्ट. डेमोत हे कोण दाखवत नाही, डेमो नेहमी वरच्या लायसन्सवर असतोय. वर आणखी कुणीतरी इन्स्टॉलेशनच्या वेळी व्हीएमला आयएसओ लावून तसाच सोडलेला असतो, तो पण होस्टच्या लोकल डेटास्टोअरवरचा, मग ती व्हीएम हलतच नाही. असले आयएसओ आधीच शोधून काढून टाका.

ही डीआरएसची उणीव मी ॲन्सिबलनं, म्हणजे लिहून दिलेली कामं क्रमानं आपोआप करणाऱ्या सॉफ्टवेअरनं, भरून काढली, आणि माझ्या मते छोट्या क्लस्टरवाल्यानं शिकण्यासारखं काही असेल तर हेच. फुकट आहे, लिनक्सच्या एका जुन्या डेस्कटॉपवर टाकलंय, मुद्दाम क्लस्टरच्या बाहेर, म्हणजे ज्याला पॅच करायचं त्याच्यावरच बसून पॅच करायची वेळ येत नाही. कुठं एजंट घालायला लागत नाही, व्हीसेंटरशी त्याच्या एपीआयनं (एका प्रोग्रामनं दुसऱ्याशी बोलायची वाट) बोलतंय, लिनक्स व्हीएमशी एसएसएचनं, विंडोजशी विनआरएमनं. प्लेबुक, म्हणजे करायच्या कामांची फाइल, यामल नावाच्या साच्यात लिहायचं, टॅब चालत नाही, स्पेसच पाहिजे, एक स्पेस चुकली की पंधरा ओळींची एरर येते आणि त्यातली कामाची एकच असते. पायथनच्या लायब्रऱ्या आणि ॲन्सिबलचं व्हीएमवेअरसाठीचं कलेक्शन (तयार मॉड्यूलचा संच) ह्यांची व्हर्जन एकमेकाला जुळवून घ्यायला पण डोकं लागतंय, एकदा जुळलं की वेगळं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट करून तिथंच गोठवून टाका, उगाच अपडेट मारत बसू नका. पासवर्ड ॲन्सिबलच्या व्हॉल्टमध्ये कुलूपबंद, फाइलीत उघडे नकोत.

माझ्या प्लेबुकमध्ये टास्कची नावं मी मराठीतच लिहिलीत. स्क्रीनवर येतंय "काट्याचा डेटाबेस होस्ट एकवरनं होस्ट तीनवर", "बिलाची व्हीएम हलवली", "होस्ट एक मेंटेनन्समध्ये". रात्रपाळीचा ऑपरेटर पोरगा इंग्रजी लॉग बघून कधी सांगू शकला नसता काम कुठं अडकलंय, आता फोनवर वाचून दाखवतो, "दादा, बिलाची हलली, काट्याची अजून फिरतीया." काम एका वेळी एकाच होस्टवर, सीरियल १ म्हणून ठेवायचं, म्हणजे पहिला होस्ट नीट उठला नाही तर दुसऱ्याला हात लागत नाही. होस्ट परत आल्यावर नुसता पिंग (मशीन नेटवर्कवर उत्तर देतंय का) बघत नाही मी, काट्याच्या डेटाबेसचा पोर्ट उत्तर देतोय का, ऊस नोंदीचं पान उघडतंय का हे बघतो आणि मगच पुढं. पिंग येतोय म्हणून सगळं चालू आहे असं म्हणणारे इंजिनियर मी लई बघितलेत.

एक ठिकाणी मुद्दाम माणूस ठेवलाय. आमच्या जुन्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरला लायसन्सचा यूएसबी डोंगल आहे, तो दोन नंबर होस्टच्या मागं खुपसलेला, त्याला लाल सेलोटेप लावून "काढू नये" असं लिहिलंय. व्हीएम व्हीमोशननं दुसऱ्या होस्टवर गेली तरी डोंगल जुन्या होस्टवरनंच दिसत राहतो, भारी आहे हे, पण तो होस्ट रीबूट झाला की डोंगल गेला. म्हणून दोन नंबरच्या आधी प्लेबुक पॉज होतंय आणि विचारतंय, हिशेबवाले बाहेर पडले का. अकौंटच्या काकांना फोन करायचा, "काका, जरा लॉगआउट करा की", आणि एंटर. सगळंच ऑटोमॅटिक करायच्या नादाला लागू नये असं माझं मत, व्हीसेंटरचा स्वतःचा पॅच पण एपीआयनं होतोय, तपासणी आणि स्टेज मी तसंच करतो, पण इन्स्टॉल हातानंच.

हे सगळं करायची गरज काय असं वाटत असेल त्यांनी २०२४ चं आठवावं. व्हीसेंटरचं सीव्हीई-२०२४-३८८१२, धोक्याचे दहापैकी ९.८ मार्क, १७ सप्टेंबरला पॅच आला, लोकांनी रात्री जागून लावला, आणि २१ ऑक्टोबरला कंपनीनं सांगितलं की पहिल्या पॅचनं पूर्ण बुजलं नव्हतं, परत लावा. ऑक्टोबर म्हणजे आमच्याकडं बॉयलर पेटवायची तयारी. ज्याच्याकडं तपासणी, स्टेजिंग, बॅकअप सगळं लिहून ठेवलेलं आहे त्याला दुसरी फेरी म्हणजे तीच फाइल परत चालवणं, बाकीच्यांना परत पहिल्यापासून चेकलिस्ट. आणि साहेबांना पैसे मागायचे असतील तर २०२३ च्या फेब्रुवारीतलं ईएसएक्सआयआर्ग्स रॅन्समवेअर सांगा, जगभरातले होस्ट लॉक झाले ते बहुतेक ज्या भोकातनं, त्याचा पॅच २०२१ च्या फेब्रुवारीतच आलेला होता. दोन वर्षं पॅच तयार, लावायलाच कोण नाही.

मार्क द्यायचे तर लाइफसायकल मॅनेजरला पाचपैकी चार, एक मी डीआरएससाठी कापला. ॲन्सिबलला साडेचार, अर्धा व्हर्जनच्या कटकटीसाठी.

आता पैशाचं. डिसेंबर २०२३ पासून कायमचं लायसन्स विकणं बंद आहे, सबस्क्रिप्शनच, आणि मोजणी कोरवर, एका सीपीयूला कमीत कमी १६ कोर धरतात, म्हणजे तुमच्या मशीनमध्ये आठ-आठ कोरचे दोन सीपीयू असले तरी बिल ३२ चं. उद्यमबागेतले एक-दोघं मित्र ह्याच कारणानं प्रॉक्समॉक्सवर (व्हीएम चालवणारं दुसरं सॉफ्टवेअर) गेलेत, एक-दोन होस्टच असतील तर मी पण तेच सांगेन, तिकडं अपडेट म्हणजे डेबियन लिनक्ससारखं ॲप्ट कमांडनं, आणि ॲन्सिबल तिथं पण चालतंय, शिकलेलं वाया जात नाही. ईएसएक्सआय ७ वर असाल तर २ ऑक्टोबर २०२५ ला त्याचा जनरल सपोर्ट संपला, ८ चा ११ ऑक्टोबर २०२७ पर्यंत आहे, त्या हिशेबानं सर्व्हर कधी बदलायचे ते आत्ताच ठरवा.

आणि कुणाचा लाइफसायकल मॅनेजर २०२५ च्या एप्रिलनंतर नवीन पॅचच दाखवत नसेल तर आधी फायरवॉलला शिव्या घालू नका. डाउनलोडचे जुने पत्ते बंद करून टोकनवाले (ग्राहकाची स्वतःची किल्ली आत असलेले) पत्ते दिलेत, आपल्या सबस्क्रिप्शनच्या पोर्टलवरनं टोकन काढून व्हीसेंटरच्या दोन्ही ठिकाणी, म्हणजे लाइफसायकल मॅनेजरमध्ये आणि ५४८० वाल्या पानावर, पत्ता बदलायला लागतोय. टोकन कुणाच्या लॉगिननं काढलंय ते लिहून ठेवा, तो माणूस पुण्याला नोकरीला गेला की मग पंचाईत होतीया.