पोस्टवर आधी काय: लाइन की सेट?

लाइन म्हणजे मोर्च्यामोर्च्यांत टाकलेली टेलिफोनची तार, सेट म्हणजे वायरलेस. दोन्ही असावं, हे पुस्तकी उत्तर बरोबर आहे आणि ते सांगायला माझी गरज नाही. पेच पडतो तो पहिल्या संध्याकाळी. सेक्शनची दहा माणसं, त्यातली दोन पहाऱ्यावर, एक लंगरात, म्हणजे स्वयंपाकावर. उजेड दीड तासाचा. मोर्चे अजून कमरेइतकेही खोदून झालेले नाहीत. अशा वेळी दोघांच्या हातातलं फावडं काढून केबलचं रीळ द्यायचं, की 'सेट आहे ना, आजची रात्र निभावू' म्हणायचं?

परवा गावातल्या एका पोरानं फोनवर हेच विचारलं. नुकताच हवालदार झालाय. "काका, तुम्ही काय करायचात?" उभ्या उभ्या दिलेलं उत्तर मलाच अपुरं वाटलं, म्हणून बसून लिहितोय. मी पायदळाच्या सिग्नल प्लाटूनमध्ये होतो, बरीच वर्षं पूंछ भागात गेली. आता सेट बदललेत, बॅटऱ्या सुधारल्यात, तेव्हा माझं बोलणं थोडं शिळं निघेल. निघालं तर सांभाळून घ्या.

आधी सेटची बाजू, कारण ती खरंच भक्कम आहे. पाठीवर टाकला की काम सुरू. गस्त बाहेर पडली की तिच्या मागे कुणी तार ओढत जात नाही, तिथं सेटला पर्याय नाही. आणि तोफगोळे पडायला लागले की लाइन सगळ्यात आधी जाते. पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या खंदकांत केबल सहा-सहा फूट खोल पुरायचे, तरीही शेवटी निरोप्ये धावायचे आणि कबुतरं उडवायची वेळ यायची. तोफखान्याची मदत मागायची आहे आणि लाइन मेलेली आहे, अशा वेळी सेटवरचा खरखरता आवाजही देवाचा वाटतो.

सेटची दुखणीही सगळ्यांना ठाऊक आहेत. एकमेकांना दिसणाऱ्या दोन डोंगरधारांवरून मैलभर लांबचं खणखणीत ऐकू येतं, पण तीनशे मीटरवरचा, नाल्याच्या वळणात बसलेला मोर्चा मुका. थंडीत बॅटरीचा दम अर्ध्यावर येतो. आमच्याकडे बॅटऱ्या माणसांबरोबर स्लीपिंग बॅगेत झोपायच्या, आणि सकाळी कुणाच्या पोटाला कोणती बॅटरी होती यावरून भांडणं व्हायची. शिवाय बटण दाबलं की तुम्ही बोललात हे पलीकडच्यालाही कळतं. सांकेतिक यंत्र लावलं तर काय बोललात ते लपतं, कुठून बोललात ते लपत नाही. युक्रेनमध्ये 2022 नंतर दोन्ही बाजूंचे सैनिक सोव्हिएत काळातले टीए-57 टेलिफोन पुन्हा खंदकांत घेऊन बसले, ते हौस म्हणून नव्हे.

पण खरं सांगायचं तर यातल्या कशानंही माझं मत लाइनच्या बाजूनं बदललं नाही. बदललं ते 'से अगेन'नं, म्हणजे सेटवरच्या 'पुन्हा सांग'नं.

मक्याचे दिवस होते. काटेरी तारेच्या कुंपणापुढं ऐंशी मीटरवर कानोसा घ्यायला एक जोडी बसवलेली, म्हणजे एलपी, लिसनिंग पोस्ट. त्यांच्याकडे छोटा सेट, माझ्याकडे दुसरा. रात्री दीडच्या सुमारास सेटमधून नुसती फुसफुस. पोरगा कुजबुजत होता, आणि कुजबुज सेटला मानवत नाही. ओठाला लावून बोललं तर श्वासच जास्त जातो, लांब धरलं तर काहीच जात नाही. मी म्हटलं, से अगेन. पुन्हा फुसफुस. से अगेन. तिसऱ्यांदा त्यानं आवाज चढवला, तो मला सेटशिवायही ऐकू आला. पुढं झाडीत काहीतरी मोडलं, धावलं, मग सामसूम. आम्ही पहाटेपर्यंत स्टँड-टू, म्हणजे सगळे हत्यार घेऊन मोर्च्यात. उजाडल्यावर बघितलं तर अस्वलाचे पंजे, मक्याच्या शेताकडं गेलेले. चहा घेताना पोरगा म्हणाला, "साहेब, मी तुम्हाला सांगत होतो की अस्वलाला?"

हसलो सगळे. पण ते अस्वल नसतं तर? बचावात जो सगळ्यात पुढं बसलाय त्याचा पहिला शब्दच महत्त्वाचा असतो, आणि नेमका तोच हळू बोलायचा असतो. इथं सेट कच्चा पडतो. चांगले हँडसेट, गळ्याला लावायचे माइक आता आलेत म्हणतात. मी ते वापरलेले नाहीत, त्यामुळे त्यांच्याविषयी गप्प बसतो.

लाइनवर कुजबुज जशीच्या तशी पोचते. दोघं एकदम बोलू शकतात, बोलून झालं की 'ओव्हर' म्हणायची भानगड नाही. घंटी मुठीनं फिरवायच्या दांड्यावर वाजते, बोलण्यापुरते दोन सेल लागतात आणि ते महिनोन् महिने चालतात. आम्ही एलपीकडची घंटी कापड कोंबून बंद करायचो, आणि इकडं एक जण रिसीव्हर कानाला बांधूनच बसायचा. पुढच्यानं बोलायचीही गरज नाही, रिसीव्हरच्या बोलायच्या बाजूवर नखानं टकटक केली की पुरे. एकदा म्हणजे ठीक, दोनदा म्हणजे हालचाल. सिग्नल कोअरचं ब्रीद 'तीव्र चौकस' आहे, म्हणजे वेगवान आणि सावध. मला वाटतं त्यातला तीव्र तो सेट आणि चौकस ती लाइन.

आता लाइनचं गाऱ्हाणं. ते मोठं आहे, लपवत नाही. खेचराच्या टाचेखाली ती चिरडते, साळिंदर ती चावतं, गुज्जरांच्या बकऱ्या पाय अडकवून ती ओढत नेतात. विजा चमकायला लागल्या की टेलिफोन कानाला लावायचा नाही, तारेतून आलेला झटका मी एकदा खाल्लाय. आणि तुटते ती नेहमी पावसात, नेहमी रात्री. मग हातात तार सरकवत अर्ध्यावर जायचं, साल खरवडून टेस्ट टेलिफोन जोडायचा, दोन्हीकडं घंटी द्यायची. उत्तर आलं ती बाजू शाबूत. उरलेल्या अर्ध्याचं पुन्हा अर्धं करायचं. केबलमध्ये तांब्याबरोबर पोलादाचेही पदर असतात, म्हणून ती ओढ सोसते, आणि म्हणूनच सोलताना गारठलेल्या बोटांत सुईसारखी घुसते. ओल्या तारेला टेप चिकटत नाही. शर्टाच्या आतल्या बाजूला पुसून पुसून मी जोड दिलेत.

त्याहून वाईट म्हणजे लाइन मुद्दाम कापून, दुरुस्तीला येणाऱ्याची वाट बघत कुणी बसलेला असू शकतो. चिरडलेलं टोक खेचराचं. टोक साफ कापलेलं लागलं तर हात न लावता तिथंच खाली बसायचं, अशी आमची सवय होती. एकट्यानं तर जायचंच नाही. म्हणजे एका तुटक्या तारेपायी मध्यरात्री तीन माणसं खर्ची. सेटवाले नेमकं हेच ऐकवतात, आणि त्यांचं चुकत नाही.

तरी यातला बराचसा त्रास पहिल्याच दिवशी टाळता येतो. तार पायवाटेनं नेऊ नका, सोपं पडतं म्हणून सगळे तेच करतात. पायवाट ओलांडायचीच असेल तर वीतभर पुरा नाहीतर डोक्यावरून न्या. ढील ठेवा, ताणलेली तार बर्फाच्या भारानं तुटते. एका मोर्चाकडे दोन-तीन लाइन येत असतील तर सुतळीच्या गाठी मारा, एक गाठ म्हणजे एलपी, दोन म्हणजे डावा सेक्शन. अंधारात चिठ्ठी वाचता येत नाही, गाठ मोजता येते. आणि एक तार टाकून दुसऱ्या तारेचं काम जमिनीवर भागवायचा मोह टाळा. पहिल्या महायुद्धात जमिनीतून फिरणारं ते बोलणं शत्रू आपल्या खंदकात बसून ऐकायचा. दोन पदरांची जोडतारच टाका.

पोराला मी म्हटलं ते एवढंच: सगळ्या लाइन आज नको. आज एकच, एलपीपासून तुझ्या मोर्चापर्यंत. दोघांना अर्धा तास लागेल, तेवढा खड्डा कमी खोदला जाईल, जाऊ दे. सेट ऐकण्यावर ठेव, बोलण्यावर नको, आणि एक भरलेली बॅटरी स्वतःच्या छातीशी ठेव. उद्या उजेडात बाकीच्या लाइन टाक. तुझी पोस्ट उघड्या धारेवर असेल, रोज गोळे पडत असतील, तर माझं ऐकू नकोस, आधी खोद.

तो म्हणाला, "आणि केबल अजून वर आलीच नसेल तर?"

मग दोरी. पुढच्या पहारेकऱ्याच्या हातापासून तुझ्या मनगटापर्यंत, दहा-पंधरा मीटर. एक झटका, दोन झटके, ठरवून घ्यायचं. हिला बॅटरी नाही, हिला 'से अगेन' नाही. फक्त झोपेत कूस बदललीस तर पुढच्याला वाटेल तू बोलावलंस, म्हणून सैल बांध. नायलॉनची घेऊ नकोस, पाल्यावरून सरकताना खसखसते. लंगरात पिठाच्या पोत्यांच्या तोंडाची सुतळी उसवून ठेवलेली असते, ती माग.